फोनची खरी किंमत पाचव्या वर्षी कळते

नवा महागडा फोन पहिल्या आठवड्यात आवडतोच. त्यात कामच तेवढं झालेलं असतं. भर दुपारी लक्ष्मी रोडवर उभं राहून मेसेज वाचता येतो, स्क्रीनवर हाताची सावली धरावी लागत नाही. संध्याकाळी देवघरातल्या निरांजनाच्या उजेडात आईचा फोटो काढला तर तिच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ आणि साडीचा काठ दोन्ही नीट उमटतात. नकाशा, बँक, रेल्वेचं तिकीट, सगळं बोट लागताच उघडतं. मी नुकताच असा एक फोन घेतला आणि तो उत्तम आहे, हे सुरुवातीलाच सांगतो. तो घडवणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण सव्वा लाखाची वस्तू आपण या पहिल्या आठवड्यावरून पारखू लागलो आहोत आणि हीच सवय ग्राहकाच्या मुळावर आली आहे. कॅमेरा कसा, झूम किती, गेम खेळताना तापतो का, डब्यात काय काय निघालं, यावर तासन् तास बोललं जातं. पाच वर्षांनी त्याची बॅटरी कोण बदलणार, स्क्रीनला किती पैसे पडणार, सुरक्षेचे अपडेट तोवर येत राहतील का, याबद्दल अवाक्षर नसतं. विकणारा सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. माझं म्हणणं असं की ही उत्तरं खोक्यावर छापणं कायद्याने बंधनकारक व्हायला हवं. अपडेट किती वर्षं, बॅटरी किती चार्जिंगपर्यंत, सुटे भाग किती वर्षं आणि बॅटरी-स्क्रीन बदलायचा खर्च किती, एवढं तरी छापा. त्याच कायद्यात आणखी एक कलम हवं: बाहेरच्या कारागिराने भाग बदलला म्हणून फोनने मालकाची अडवणूक करता कामा नये.

खोक्याच्या मागची चिठ्ठी एकदा वाचून बघा. कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना, आयात करणाऱ्याचं किंवा उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर आणि ईमेल, आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख) क्रमांक, डब्यात काय काय आहे त्याची यादी. यातलं बरंचसं कंपन्या स्वखुशीने देत नाहीत. वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांमुळे आणि इतर कायद्यांमुळे ते छापावं लागतं. म्हणजे खोक्यावर काय लिहायचं हे सरकार ठरवू शकतं, ठरवतंही. मग त्याच चिठ्ठीत आणखी चार ओळी का नसाव्यात? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. बॅटरी किती टिकणार हा दर्जाचाच भाग आहे. स्क्रीन बदलायचा खर्च हा त्या वस्तूच्या किमतीचाच भाग आहे, फक्त तो नंतर भरावा लागतो.

आणि आधी भरलेली किंमत काय असते तेही बघू. आयफोन १५ प्रो २०२३ मध्ये आपल्याकडे १,३४,९०० रुपयांपासून मिळू लागला. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा २०२४ मध्ये १,२९,९९९ पासून. १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. त्या हिशोबाने १,३४,९०० च्या फोनमध्ये साधारण साडेवीस हजार रुपये नुसता कर असतो. एका फोनमागे एवढी रक्कम घेणाऱ्या सरकारकडून ग्राहकाने चार ओळींची अपेक्षा ठेवली तर त्यात गैर काय? बरं, हे पैसे रोख मोजणारे थोडेच. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेली मुलं-मुली हप्त्यावरच घेतात. ‘नो कॉस्ट’ म्हटलेल्या हप्त्यातही व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा आपल्याच माथी असते. हप्ते चोवीस महिन्यांचे आणि वॉरंटी बारा महिन्यांची. म्हणजे दुसऱ्या वर्षी काच फुटली नाही, नुसती आतून बिघडली, तरी हप्ताही आपला आणि दुरुस्तीही आपलीच.

माझ्या जुन्या फोनचं सांगतो, कारण मुद्दा त्यातूनच नीट कळतो. त्याला काहीही झालं नव्हतं. स्क्रीनवर ओरखडा नाही, कॅमेरा चांगला, आवाज स्वच्छ. फक्त बॅटरी दुपारीच मान टाकायची. अधिकृत सेवा केंद्रात गेलो तर बॅटरी मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही, आणि या मॉडेलपेक्षा एक्स्चेंजमध्ये नवा घ्या, तुमचाच फायदा आहे, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. तिचा दोष नाही, तिला तसंच शिकवलेलं असणार. मग बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास बसणाऱ्या एका कारागिराकडे गेलो आणि त्याला विचारून शेजारी स्टुलावर बसून राहिलो.

त्याने फोन गरम प्लेटवर ठेवला. कडा तापल्यावर मागच्या काचेला रबरी कप चिकटवून हलकेच ओढलं आणि फटीत प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवली. पट्टी कडेकडेने फिरत होती तशा गोंदाच्या तारा ताणल्या जाऊन तुटत होत्या. आतले स्क्रू काढून त्याने चुंबकाच्या चटईवर ज्याच्या त्याच्या जागी मांडले. म्हणाला, ‘साहेब, यातला प्रत्येक स्क्रू वेगळ्या लांबीचा असतो. लांबडा चुकून आखूडच्या जागी पिळला तर बोर्डात घुसतो, मग गेला फोन.’ बॅटरी गोंदाने घट्ट बसवलेली होती. कोपऱ्यात अल्कोहोलचे थेंब सोडत, धीर धरत त्याने ती उचलली. जराशी फुगली होती. दुसऱ्या एका मेलेल्या फोनमधून काढलेली, त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची चांगली बॅटरी त्याने बसवली. फोन सुरू झाला आणि स्क्रीनवर सूचना आली की हा भाग अस्सल असल्याची खात्री पटवता येत नाही. बॅटरी किती टक्के शाबूत आहे हे दाखवणारी ओळ सेटिंगमधून नाहीशी झाली. बॅटरी अस्सल होती. कारागीर तरबेज होता. तरी फोनने दोघांनाही नाकारलं.

याचं कारण साधं आहे. अलीकडच्या अनेक फोनमध्ये बॅटरी, स्क्रीन, कॅमेरा अशा भागांचा क्रमांक मुख्य बोर्डाशी जोडलेला असतो. भाग बदलला की बोर्डाला तो अनोळखी वाटतो आणि नवी ओळख करून द्यायचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा कंपनीच्याच ताब्यात असतं. तोवर कधी नुसती सूचना येते, कधी स्क्रीनचा रंग आपोआप जुळवायची सोय बंद होते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून अशा अडवणुकीवर बंदी आणली. त्याच वर्षी ॲपलने ठराविक मॉडेलसाठी वापरलेले अस्सल भाग चालू देण्याचं जाहीर केलं. बंदी यायची चिन्हं दिसली की कुलूप सैल होतं, एवढं यावरून नक्कीच म्हणता येतं.

माझा जुना फोन त्या बदललेल्या बॅटरीवर छान चालला. शेवटी तो बदलावा लागला तो दुसऱ्याच कारणाने: सुरक्षेचे अपडेट यायचे थांबले. ज्या फोनवर पगाराचं खातं, आधार, युपीआय आणि दवाखान्याचे कागद आहेत, तो अपडेटविना वापरणं मला पटेना. कारागीर बॅटरी बदलू शकतो, अपडेट आणू शकत नाही. ते फक्त कंपनीच्या हातात असतं आणि घेताना मला कुणी त्याचं वर्ष सांगितलं नव्हतं, खोक्यावरही नव्हतं. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये एस२४ मालिकेसाठी सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं. फार चांगलं झालं. म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या जमत नाही असं आता कुणालाच म्हणता येणार नाही. पण कंपनीने दिलेलं वचन आणि कायद्याने घातलेली अट यात फरक आहे. वचन उद्या धोरण बदललं की बदलतं. अट मोडली तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

बॅटरीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. लिथियम-आयन बॅटरी वापरली की झिजते. हा तिचा रासायनिक स्वभाव आहे, त्यात कुणाची लबाडी नाही. पूर्ण क्षमतेएवढी वीज एकदा खर्च होऊन परत भरली की एक चक्र झालं. अशी काही शे चक्रं झाल्यावर क्षमता मूळच्या ८० टक्क्यांपर्यंत उतरते. उन्हाळ्यात गाडीच्या काचेला लावून चार्ज केला तर आणखी लवकर. विदर्भात मे महिन्यात फोन वापरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. झिजणारा भाग बदलता यावा अशी रचना करणं हे कुठल्याही यंत्राचं पहिलं शास्त्र आहे. तो भाग गोंदाने चिकटवून आत बंद करणं म्हणजे यंत्राचं आयुष्य त्यातल्या सगळ्यात अल्पायुषी भागाला बांधणं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जात होता, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण खरं असेलही. पण लोकांना ते सांगितलं नव्हतं आणि आपला फोन म्हातारा झाला असं समजून कितीतरी जणांनी नवा घेतला असणार, जेव्हा नुसती बॅटरी बदलून भागलं असतं. फ्रान्सने या प्रकरणी २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो माहिती लपवल्याबद्दल.

आता दुचाकीशी ताडून बघा. स्प्लेंडर या फोनपेक्षा स्वस्त येते. तिची क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात. वॉरंटी संपल्यावर ती कुणाकडे टाकायची हे मालक ठरवतो. बाहेरच्या मेकॅनिकने प्लग बदलला म्हणून गाडी चालायची थांबत नाही. पंधरा वर्षं वापरलेल्या गाड्या आपल्या गावागावांत रोज दुधाचे कॅन वाहतात. गाड्यांच्या बाबतीत हे आपोआप झालेलं नाही आणि चारचाकीत तर यासाठी भांडावं लागलं. सुटे भाग आणि दोष शोधायची उपकरणं कंपन्या फक्त आपल्या अधिकृत केंद्रांनाच देतात, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात द्या, स्वतंत्र गॅरेजवाल्यांना अडवू नका, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं आयोगाने बजावलं. दंडावरून पुढे अपिलं झाली. पण तत्त्व भारतातच, भारतीय कायद्याखाली मांडलं गेलेलं आहे. फोनच्या बाबतीत ते लागू करायला युरोपकडे बघण्याचीही गरज नाही.

तरी युरोपकडे बघावं, कारण तिथे काम पुढे गेलं आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून फोनच्या किमतीशेजारी दहापैकी गुण लावावे लागत होते: उघडायला किती सोपा, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत काय, दुरुस्तीची माहितीपत्रकं खुली आहेत का. २० जून २०२५ पासून त्यांची जागा सगळ्या युरोपीय संघाच्या नियमांनी घेतली. बॅटरीने ८०० चक्रांनंतरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. ते मॉडेल विकणं बंद झाल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षं आणि सॉफ्टवेअरचे अपडेट किमान पाच वर्षं द्यायला हवेत. फोनच्या लेबलवर ए ते ई अशी दुरुस्तीची श्रेणी छापली जाते. तेच मॉडेल, त्याच कारखान्यात जोडलेलं, पॅरिसमध्ये विकलं तर ही माहिती देतं आणि पिंपरीत विकलं तर देत नाही. आणि हे फोन आता श्रीपेरुंबुदूर, होसूर आणि कोलारकडे आपलीच माणसं जोडतात. आपण बनवतो त्या वस्तूबद्दल तिथल्या ग्राहकाला आपल्यापेक्षा जास्त सांगितलं जातं, हे मला फार खुपतं.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. मे २०२५ मध्ये मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी दुरुस्ती निर्देशांकाचा, म्हणजे वस्तू दुरुस्तीला किती सोपी याच्या गुणांचा, आराखडा देणारा अहवाल विभागाला सादर झाला. दिशा बरोबर आहे. माझी हरकत एका गोष्टीला आहे: त्या आराखड्याप्रमाणे गुण कंपन्यांनी स्वतःच जाहीर करायचे आहेत. स्वतःचा पेपर स्वतः तपासला तर नापास कोण होईल? फ्रीज आणि एसीवरचे वीजबचतीचे तारे २००६ मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झाले, २०१० पासून काही उपकरणांना सक्तीचे झाले आणि बाजारातून नमुने उचलून तपासायची तरतूद झाली. तेव्हा कुठे लोक दुकानात जाऊन ‘पाच स्टारचा दाखवा’ म्हणू लागले. दुरुस्तीचे गुणही तसेच तपासले गेले पाहिजेत.

यावर घेतले जाणारे आक्षेप मी कमी लेखत नाही. पहिला पाण्याचा. गोंदाने बंद केला म्हणून फोन पाण्यात टिकतो, असं सांगतात. पण २०१४ च्या गॅलेक्सी एस५ चं मागचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी हातानेच बदलता यायची आणि तरी तो फोन पाणी-धुळीसाठीच्या आयपी६७ दर्जाचा होता. शिवाय ज्या पाणीरोधक गुणाची एवढी जाहिरात होते, त्या फोनात पाणी शिरलं तर बहुतेक कंपन्यांची वॉरंटी हात वर करते. दुसरा आक्षेप सुरक्षेचा आणि तो खरा आहे. बोटाच्या ठशाचा किंवा चेहरा ओळखणारा भाग कुणीही बदलू शकला तर चोराचं फावेल. तेवढ्या भागाला कुलूप राहू द्या. बॅटरी, चार्जिंगचं सॉकेट आणि मागची काच यांना त्या कुलपात कोंबायचं काहीच कारण नाही. फोन महागतील, हा तिसरा आक्षेप. महागतील थोडेसे कदाचित. चारऐवजी सात वर्षं चालला तर मला चालेल.

या सगळ्यात ज्यांचा विचार सगळ्यात कमी होतो ते दोघं: कारागीर आणि दुसरा मालक. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, संभाजीनगरात पैठण गेट, आणि प्रत्येक बसस्टँडसमोरची ती हातभर रुंदीची दुकानं. तिथली मुलं सूक्ष्मदर्शकाखाली तांदळाच्या कणीपेक्षा लहान सुटे भाग बसवतात. सर्किटचा आराखडा त्यांना अधिकृतपणे कुठून मिळत नाही, सुटे भाग मेलेल्या फोनांतून नाहीतर बनावट मालातून शोधावे लागतात. बनावट बॅटरी धोक्याची, हे कंपन्यांचं म्हणणं बरोबरच आहे. म्हणूनच अस्सल बॅटरी योग्य दरात त्यांना मिळू द्या. आणि दुसरा मालक आपल्या घरातच असतो. मोठ्याने नवा घेतला की जुना वडिलांकडे, तिथून कॉलेजला जाणाऱ्या भाचीकडे, मग कधीतरी कामवाल्या मावशींच्या मुलाकडे. महागडा फोन असा चार हातांतून जातो. पहिल्या मालकाला पहिला आठवडा मिळतो, बाकीच्यांच्या वाट्याला चौथं, पाचवं, सहावं वर्षं येतं. त्यांच्या पदरात चालता फोन पडणार की निरुपयोगी काच, हे आपण घेताना काय विचारलं यावर ठरतं.

राज्याने या बाबतीत एक धडा आधीच घेतलेला आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी पोषण आहाराच्या नोंदींसाठी सरकारने दिलेले फोन परत करायला सुरुवात केली. फोन तापत होते, अडकत होते, वॉरंटी संपलेली होती आणि दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून त्यांनाच करावा लागत होता. नोंदींचं ॲप इंग्रजीत, हीसुद्धा त्यांची तक्रार होती. त्या बायांनी कुठलाही अहवाल वाचला नव्हता. फोन घेताना त्याच्या तिसऱ्या वर्षाचा विचार कुणी केला नव्हता, एवढं त्यांनी सरकारच्या टेबलावर नेऊन ठेवलं. शिक्षक, आशाताई, तलाठी यांच्यासाठी फोन आणि टॅबलेट यापुढेही सरकारी पैशातून घेतले जातील. बॅटरी जिल्ह्याच्या गावी बदलून मिळेल, सुटे भाग सात वर्षं मिळतील, अपडेटचं शेवटचं वर्ष करारात लिहिलेलं असेल, अशा अटी त्या निविदांमध्ये घालायला केंद्राच्या कायद्याची वाट बघावी लागत नाही. मंत्रालयात बसून त्या उद्याही घालता येतील.